चिखल कुणासाठी उडतो?

निवडणूक आली की उमेदवारांची उणीदुणी निघतात. मग आम्ही डोणगावच्या बायाही म्हणतो, ‘सगळे एकाच माळेचे मणी, कशाला मत द्यायचं?’

पण पंचायतीतली जागा आपल्याला सहज मिळालेली नाही. 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी संघटनेच्या अधिवेशनाला हजारो बाया जमल्या. पंचायतीच्या निवडणुका लढवायच्या, असं तिथं ठरलं. 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरची सगळी ग्रामपंचायत बायांची झाली. 2011 मध्ये राज्यात निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव झाल्या.

आता बाई उभी राहिली की आधी तिच्या चारित्र्यावर चिखल उडतो. तिनं घरी बसावं, आपणही विटून मत देऊ नये, एवढ्यासाठीच. म्हणून चावडीवरच्या कुजबुजीला आपण एकच विचारू: पाण्याचं, रेशनचं काम कोण करणार, ते सांगा!