गाडीशिवाय भूमध्य समुद्राकडे

भूमध्य समुद्रातल्या एखाद्या बेटावर शरद ऋतूत आठ-दहा दिवस जायचे आणि तिथे मोटार भाड्याने घ्यायची नाही, असा बेत मंगळवार पेठेत कुणाला सांगितला की पहिला प्रश्न येतो, ''मग फिरणार कशानं?'' आम्ही सहा जण आहोत, सगळे साठीच्या पुढचे. परक्या देशात रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी हाकण्याची हौस कुणालाच नाही. बेत ठरतो आहे तो इटलीतल्या फ्लॉरेन्सचा आणि तिथून पुढे एल्बा बेटाचा. हे ठिकाण मी सुचवले त्याला कारण आहे. त्या वाटेने आपल्या कोल्हापूरचा एक तरुण 1870 साली गेला होता. मोटारीचा शोध लागायला तेव्हा अजून पंधरा वर्षे अवकाश होता.

हा तरुण म्हणजे करवीरचे छत्रपती राजाराम महाराज. राजाराम म्हटले की आपला थोडा गोंधळ होतो. शिवछत्रपतींचे धाकटे पुत्र वेगळे, आणि विसाव्या शतकात राज्य केलेले, शाहू महाराजांचे चिरंजीव वेगळे. मी सांगतो आहे ते या दोघांच्या मधले, 1866 साली गादीवर आलेले. आपले राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाचे. पाटणकरांच्या घरातून दत्तक आलेले हे महाराज इंग्रजी शिकलेले होते, वाचनाची आवड असलेले होते. विलायतेला निघाले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी गाठली होती.

त्या काळी समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडवणे, अशी समजूत घट्ट होती. सामान्य माणूसही तिथे कचरत होता, मग छत्रपतींनी जायचे ही किती मोठी गोष्ट! त्यात प्रवास म्हणजे दिव्यच. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 साली. त्याआधी इथून निघालेल्या माणसाला पुण्यापर्यंत रस्त्यानेच जावे लागे. बोरघाटातून मुंबईला जाणारा लोहमार्ग मात्र 1863 सालीच पुरा झाला होता. मुंबईहून पुढे आगबोट. सुएझचा कालवा खुला होऊन तेव्हा पुरते एक वर्षही झाले नव्हते.

महाराज जूनमध्ये लंडनला पोचले. व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, पार्लमेंटचे कामकाज पाहिले, दादाभाई नौरोजींची गाठ पडली. या सगळ्याची रोजनिशी ते स्वतः इंग्रजीत लिहीत होते. त्यांच्यासोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती 1872 साली लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. नवे जग पाहायला निघालेल्या वीस वर्षांच्या मुलाचे कुतूहल तिच्यात दिसते.

परतीचा प्रवास नोव्हेंबरात सुरू झाला. नेहमीची सोपी वाट फ्रान्समधून जाणारी. पण जुलैत फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले होते आणि सप्टेंबरपासून पॅरिसला वेढा पडला होता. त्यामुळे बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रियाचा टायरॉल प्रांत असा वळसा घेऊन इटलीत उतरावे लागले. आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून रेल्वे सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. ही खिंड साधारण आपल्या महाबळेश्वरच्या उंचीची. पण महाबळेश्वरला नोव्हेंबरात आपण शाल पांघरून गुलाबी थंडी अनुभवतो, तिथे त्या दिवसांत बर्फ पडू लागते. दख्खनच्या हवेत वाढलेल्या देहाला ती थंडी मानवली नाही. वाटेतच महाराजांची प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सपर्यंत ते पोचले, पण 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथल्या एका हॉटेलात त्यांचे निधन झाले.

आता प्रश्न उभा राहिला अंत्यविधीचा. फ्लॉरेन्स त्या वेळी इटलीची राजधानी होती. पण ख्रिस्ती शहरात दहनाची चाल नव्हती. इटलीत आधुनिक शवदाहिनी सुरू झाली ती मिलानला 1876 साली, म्हणजे नंतर. तरीही अधिकाऱ्यांनी खास परवानगी दिली. शहराच्या पश्चिमेला काशिने नावाचे मोठे उद्यान आहे. त्याच्या टोकाला आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात. आपल्याकडे प्रयाग चिखलीचा संगम जसा पवित्र, तसा परमुलखात सोबतच्या मंडळींनी हा संगम शोधला आणि 1 डिसेंबरला तिथे चितेला अग्नी दिला. बघायला गावचे लोक जमले होते. परक्याच्या धर्माला एका शहराने अशी जागा करून दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

1874 साली त्या जागी छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँट यांची. आपला टाउन हॉल आणि नवा राजवाडाही त्यांचेच. छत्रीखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे, तो फुलर या शिल्पकाराने घडवला.

हा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला की सहलीची आखणी आपोआप शहाणी होते. आपला हिशेब असा, की पावसाळा संपला, दसरा-दिवाळी झाली, आता निघा. भूमध्य समुद्राकडे हा हिशेब उलटा आहे. तिथला उन्हाळा कोरडा आणि पाऊस शरदात सुरू होतो. आर्नोचा मोठा पूर आला तो 4 नोव्हेंबरला, 1966 साली. बेटाकडच्या बोटी आणि बेटावरच्या बसगाड्याही उन्हाळा सरला की कमी होतात. म्हणून दिवाळीची वाट न पाहता सप्टेंबरच्या अखेरीस निघावे, ऑक्टोबर अर्धा व्हायच्या आत परतावे.

वाट अवघड नाही. फ्लॉरेन्सहून आगगाडीने, मध्ये बदल करत, पिओंबिनो बंदर गाठायचे. तिथून तासाभरात बोट पोर्तोफेर्रायोला लावते. नेपोलियनला 1814 साली हद्दपार करून ठेवले ते इथेच. दहा महिन्यांत तो निसटला. बेट आहे सव्वादोनशे चौरस किलोमीटरचे. मुक्काम बंदराजवळ ठेवला तर बस आणि पाय पुरतात.

मात्र स्वतःची गाडी नसली की आपण दुसऱ्याच्या वेळापत्रकाचे बांधील. बोट चुकते, वारा सुटला तर बोट रद्द होते, सोबत्याचा गुडघा दुखतो. म्हणून बेतात एक-दोन दिवस रिकामेच सोडायचे, आणि परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर राहायचे नाही. आजारी माणसाला थांबता आले पाहिजे. महाराजांपाशी सेवक होते, मानमरातब होता. पण पुढे हिवाळा आणि बाजूला युद्ध, यांच्या मधून त्यांना वाट काढावी लागली. आपल्याला ऋतू निवडता येतो, हे आपले भाग्य.

छत्रीपर्यंत जायलाही मोटार लागत नाही. स्टेशनापासून ट्राम काशिने उद्यानाच्या अलीकडच्या टोकाशी सोडते. पुढे झाडांच्या सावलीतून तासभर रमतगमत चालायचे. नदीवर पलीकडेच एक भव्य पूल दिसतो, 1978 सालचा. त्यावरून दिवसभर मोटारी धावतात. पायी जाणाऱ्यांसाठीही वाट आहे. फ्लॉरेन्सचे लोक त्याला 'इंडियानो'चा, म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. तो हिंदी माणूस कोण, हे कुणी तिथे विचारले, तर सांगायला कोल्हापूरच्या माणसाला यावे, एवढीच माझी इच्छा आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)