बेळगाव कॅम्पातील चर्चच्या नोंदवह्या : साक्ष आणि गोपनीयता

चर्चच्या नोंदवहीत माणसाच्या आयुष्यातील मोजक्याच घटना लिहिल्या जातात; बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह आणि दफन. परंतु एवढ्या नोंदींवरून त्याचे आईबाप कोण, जन्म केव्हाचा, व्यवसाय कोणता, विवाह विधिवत झाला की नाही आणि धर्म बदलला असल्यास तो कधी, हे सारे उलगडत असल्यामुळे ज्याच्याकडे नोंदवहीचा ताबा, त्याच्याकडे त्या माणसाची अब्रूही सोपवलेली असते. बेळगावच्या कॅम्प भागात, म्हणजे जुन्या लष्करी छावणीच्या हद्दीत, अँग्लिकन, कॅथलिक आणि मेथडिस्ट या तीन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या असून सभासदांची माहिती कशी लिहावी, कोणाला दाखवावी आणि कोणापासून राखावी याविषयी प्रत्येकीची रीत वेगळी आहे. या तिन्ही रीतींचा इतिहास एकत्र वाचला, तर माहितीची गोपनीयता ही संगणकयुगाची देणगी नसून चर्चच्या स्वतःच्या जुन्या शिस्तीचाच तो एक भाग आहे, हे स्पष्ट होते.

1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती आला आणि 1832 मध्ये येथे कायम छावणी वसली. छावणीबरोबर गोरे सैनिक आले, त्यांच्यामागोमाग तमिळ बोलणारे नोकरचाकर, गोव्यातून आलेले आचारी, वादक, शिंपी आणि कारकून आले, आणि आजूबाजूच्या मराठी व कानडी बोलणाऱ्या गावांतील माणसेही येथे रोजगाराला लागली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर त्यापूर्वीच, 1820 मध्ये, बेळगावात दाखल झाले होते. या मिशनने 1832 मध्ये काढलेली शाळा पुढे बेनन स्मिथ हायस्कूल या नावाने प्रसिद्ध झाली. गोऱ्या पलटणींसाठी उभारलेले सेंट मेरीज चर्च 1869 चे आहे. ज्या वस्तीत बहुतेक माणसे परगावची आणि बदलीवर असलेली, जिथे कोणाची सोयरीक, कूळ किंवा पूर्वायुष्य शेजाऱ्याला ठाऊक असण्याची शक्यता कमी, तिथे माणसाची ओळख पटवणारा कागद म्हणून चर्चच्या नोंदीला गावगाड्यातील चर्चपेक्षा कितीतरी अधिक महत्त्व आले.

कॅथलिक नोंदवह्यांचे मूळ युरोपात आहे. लपूनछपून झालेल्या विवाहांमुळे होणारी फसवणूक थांबवण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1563 मध्ये असा नियम केला की विवाह पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक धर्मग्रामाच्या, धर्मगुरूसमोर आणि साक्षीदारांसमक्ष व्हावा, त्याआधी त्याची तीन वेळा जाहीर सूचना दिली जावी आणि तो वहीत नोंदला जावा. गोव्याच्या पहिल्या प्रांतीय परिषदेने 1567 मध्ये ट्रेंटचे निर्णय या भूमीत लागू केले. पुढे 1614 च्या रोमन विधिसंग्रहाने प्रत्येक पॅरिशला पाच वह्या नेमून दिल्या. बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहाची आणि मृत्यूची, आणि पाचवी धर्मग्रामातील सर्व कुटुंबांची, जिला लॅटिनमध्ये आत्म्यांच्या स्थितीची वही असे नाव आहे. या पाचव्या वहीत घरोघरची माणसे, त्यांची वये आणि कोणी कोणता संस्कार घेतला हे लिहिले जाई, म्हणजे ती एका अर्थी शिरगणतीच होती. पोर्तुगीज परंपरेच्या पॅरिशांत ईस्टरच्या सुमारास पापनिवेदन केलेल्यांची यादीही ठेवली जात असे.

या पद्धतीचे कामकाज समजण्यासाठी एका नोंदीचा प्रवास पाहणे उपयोगी ठरेल. कॅम्पात जन्मलेल्या मुलाचा बाप्तिस्मा झाला की त्याचे नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्मपिता, धर्ममाता, विधी करणारा धर्मगुरू आणि स्थळ एका ओळीत लिहिले जाते व ओळीशेजारी समास कोरा ठेवला जातो. तो मुलगा मोठा होऊन गोव्यात किंवा मुंबईत लग्न करू लागला, तर तेथील धर्मगुरू कॅम्पातून बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागवतो. लग्न लागल्यावर त्याची तारीख आणि वधूचे नाव कॅम्पाच्या चर्चला कळवले जाते आणि येथील वहीत त्या जुन्या नावाच्या समासात टिपले जाते. 1907 च्या रोमच्या आदेशाने ही समासटीप सक्तीची झाली, आणि आजच्या 1983 च्या धर्मसंहितेतही ती कायम असून दृढीकरण, दत्तकविधान, धर्मगुरुपदाची दीक्षा यांच्या टिपाही त्याच समासात जातात. माणूस कुठेही गेला तरी त्याच्या आयुष्याचा सारांश जन्मगावच्या चर्चमध्ये एका ओळीत जमत राहतो, आणि म्हणूनच विवाह झालेला पुरुष दुसऱ्या गावी स्वतःला अविवाहित म्हणवून दुसरे लग्न लावू लागला तर ताजा दाखला त्याला अडवू शकतो. छावणीच्या फिरत्या वस्तीत स्त्रियांना मिळालेले हे संरक्षण मोलाचे होते.

परंतु ज्या चर्चने एवढे लिहून ठेवण्याचा आग्रह धरला, त्याच चर्चने काय लिहू नये आणि काय दाखवू नये याचेही नियम घालून दिले. 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताला वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करणे बंधनकारक केले आणि त्याच नियमात, ऐकलेले पाप शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदावरून दूर करण्याची शिक्षा ठेवली. त्यामुळे निवेदन झाले की नाही हे यादीत येऊ शके, निवेदनात काय सांगितले ते कधीही नाही. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलाची नोंद करताना बदनामीचा कोणताही प्रसंग टाळावा, अशी सूचना 1614 च्या विधिसंग्रहात होती. आजच्या धर्मसंहितेचे कलम 877 तर याहून स्पष्ट आहे: अविवाहित आईचे नाव तिचे मातृत्व सर्वज्ञात असेल किंवा तिने स्वतः तशी इच्छा दर्शवली असेल तरच लिहावे, बापाचे नाव सार्वजनिक दस्तऐवजाने किंवा त्याने धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर दिलेल्या कबुलीने सिद्ध झाले तरच लिहावे, अन्यथा केवळ बाळाचे नाव लिहून पुढे जावे. जिथे पलटण हलली की बापही निघून जाई, अशा छावणीच्या वस्तीत या नियमाचा अर्थ काय होत असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

कॅथलिक व्यवस्थेत याखेरीज बिशपच्या कचेरीत एक गुप्त दफ्तरखानाही असतो, ज्याची किल्ली फक्त बिशपकडे राहते. सबळ कारणाने गुप्तपणे लावलेले विवाह तेथील वेगळ्या वहीत नोंदले जातात. नीतिविषयक गुन्ह्यांच्या खटल्यांचे कागद आरोपीच्या मृत्यूनंतर किंवा निकालाला 10 वर्षे झाल्यावर नष्ट करून केवळ निवाड्याचा सारांश ठेवावा, असाही नियम आहे. मात्र याच बंद दारांआड अनेक देशांत धर्मगुरूंच्या अत्याचारांची प्रकरणे दडपली गेली, हेही तितकेच खरे आहे. पीडिताची अब्रू राखणारी गोपनीयता आणि संस्थेची अब्रू राखणारी गोपनीयता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पहिलीच्या नावाखाली दुसरी वाढते.

अँग्लिकन परंपरेत नोंदवही आरंभापासून राज्यसत्तेशी बांधलेली होती. इंग्लंडमध्ये 1538 मध्ये राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम दिला, तेव्हा वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवावी आणि एक किल्ली धर्मगुरूकडे, दुसरी चर्चच्या पंचांकडे असावी असेही त्यात म्हटले होते. कोणा एकाच्या मर्जीने पेटी उघडू नये, हा त्यामागील हेतू होता. हिंदुस्थानात चॅप्लेन, म्हणजे छावणीचा धर्मगुरू, सरकारी पगारावर असे, आणि त्याच्या नोंदींच्या प्रती मुंबईमार्गे लंडनला ईस्ट इंडिया कंपनीकडे, नंतर इंडिया ऑफिसकडे, जात असत. मुंबई इलाख्याच्या अशा प्रती आज ब्रिटिश लायब्ररीत जतन केलेल्या असून 2014 पासून त्यांतील मोठा भाग वंशावळ शोधणाऱ्यांसाठी इंटरनेटवर सशुल्क खुला आहे. छावणीत तापाने गेलेल्या सैनिकाचे किंवा त्याच्या तान्ह्या मुलाचे नाव आता जगात कोठूनही शोधता येते, आणि त्या कुटुंबांच्या वंशजांना त्यातून हरवलेले नाते सापडते. येथे काळाचे अंतर हीच मोठी मुभा ठरते, कारण दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्याची नोंद इतिहासाची असते, तर हयात माणसाची नोंद त्याच्या स्वतःच्या मालकीची.

मिशनच्या मंडळीची रीत या दोहोंहून निराळी होती. लंडन मिशनरी सोसायटीच्या परंपरेत जन्माने कोणी सभासद होत नसे. उमेदवाराची श्रद्धा आणि वर्तन पारखून मंडळी त्याला स्वीकारी, दुसऱ्या गावी जाताना त्याला शिफारसपत्र देई आणि गैरवर्तनाबद्दल त्याचे नाव यादीतून काढूही शके. 1904 मध्ये हे काम अमेरिकन मेथडिस्टांकडे आले, त्यांच्यातही उमेदवारीचा काळ आणि पूर्ण सभासदत्व अशी पायरी होती. अशा यादीत जन्ममृत्यूपलीकडे माणसाच्या चारित्र्याविषयीचे मंडळीचे मत येते, आणि ते मत भरसभेत मांडले गेले की लहान वस्तीत त्याचे पडसाद उमटल्यावाचून राहत नाहीत. ज्या व्यवस्थेने नव्या ख्रिस्ती माणसाला सभेत मत मांडण्याचा समान हक्क दिला, तिनेच त्याचे खासगी आयुष्य सभेपुढे आणले, हा तिच्यातील खरा पेच होता.

ब्रिटिश सरकारने या तिन्ही रीतींना कायद्याच्या चौकटीत घेतले. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने प्रत्येक विवाहाची नोंद सक्तीची केली, कॅथलिक विवाहांच्या नोंदीचा नमुना ठरवण्याचा अधिकार त्यांच्या बिशपकडे ठेवला आणि कलम 79 अन्वये फी भरणाऱ्याला विवाहाची वही पाहण्याची व तिचा उतारा घेण्याची मुभा दिली. 1886 च्या जन्म, मृत्यू व विवाह नोंदणी कायद्याने जुन्या चर्चवह्या तपासून त्यांना न्यायालयात पुरावा म्हणून मान्यता देण्याची सोय केली. 1969 च्या कायद्याने देशभर सरकारी जन्मनोंदणीला एकसारखे रूप मिळेपर्यंत शाळेचा प्रवेश, नोकरी, पेन्शन आणि वारसाहक्क यांसाठी असंख्य कुटुंबांची मदार बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर होती. ज्यांच्याकडे सातबारा नव्हता की वतनाचा कागद नव्हता, अशा गरीब माणसांना या दाखल्याने कागदोपत्री अस्तित्व दिले.

स्वातंत्र्यानंतर सीमाभागातील चर्चच्या कागदपत्रांवर नव्या रेषा पडल्या. 19 सप्टेंबर 1953 रोजी बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला आणि कॅम्पातील फातिमा चर्च हे त्याचे कॅथिड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, ठरले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यातून म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक, राज्यात गेला. परिणामी बेळगाव आणि निपाणी परिसरातील अनेक कुटुंबांत आजोबांचा बाप्तिस्मा एका राज्यात, आईबापांचा विवाह दुसऱ्या राज्यात आणि नातवंडांचा जन्मदाखला तिसऱ्याच भाषेत अशी स्थिती निर्माण झाली.

याच काळात नोंदीला एक वेगळीच धार आली. 1950 च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता ठेवला, 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती दलितांना मात्र आजवर मिळालेला नाही; त्यामुळे बाप्तिस्म्याची एक ओळ सवलतींवर पाणी सोडायला लावू शकते. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बाप्तिस्म्याची नोंद विचारात घेऊन अनुसूचित जातीचा दाखला नाकारणे योग्य ठरवले. कर्नाटकाचे धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर 2021 मध्ये विधानसभेने संमत केले ते बेळगावच्याच सुवर्ण विधानसौधात. पुढे 2022 मध्ये झालेल्या या कायद्याने धर्म बदलू इच्छिणाऱ्याने 30 दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे आणि ते निवेदन सूचनाफलकावर लावून हरकती मागवाव्यात, अशी तरतूद केली. जून 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचा निर्णय केला. विवाहाची सूचना चर्चच्या दारावर लावली जाते ती वधूवरांच्या हितासाठी; श्रद्धेची सूचना कचेरीच्या फलकावर लावल्याने मात्र त्या माणसाला शेजारपाजारच्या रोषापुढे उभे केले जाते. आपली श्रद्धा स्वतःपाशी ठेवण्याचा हक्क माणसाला आहे, असे सांगून हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने अशाच पूर्वसूचनेची अट 2012 मध्ये रद्द केली होती.

2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. या खटल्यातील मुख्य याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचेच निवृत्त न्यायाधीश होते. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख संगणकीय माहितीवर असून कागदावरून संगणकात उतरवलेली माहितीही त्याच्या कक्षेत येते, म्हणजे जुनी वही कपाटात आहे तोवर बाहेर, पण तिचे छायाचित्र फोनमध्ये गेले की आत. युरोपात हा वाद आणखी पुढे गेला आहे. चर्च सोडणाऱ्याने बाप्तिस्म्याची नोंद पुसण्याची मागणी केल्यावर 2023 मध्ये आयर्लंडच्या माहिती संरक्षण यंत्रणेने नोंद राखण्याचा चर्चचा अधिकार मान्य केला, तर त्याच वर्षी बेल्जियमच्या यंत्रणेने उलट कौल दिला. पॅरिशच्या वह्यांचे मायक्रोफिल्म बाहेरच्या वंशावळ संस्थेला करू देऊ नये, असे रोमने 2008 मध्येच बिशपांना कळवले होते, कारण मृतांच्या नावांवर दुसऱ्या पंथाचे विधी केले जात होते.

चर्चच्या सभासदांची यादी आज व्हॉट्सॲपच्या गटात फिरते, आजाऱ्यासाठी प्रार्थनेची विनंती करताना आजाराचे नाव आणि इस्पितळही सांगितले जाते, वर्गणीचे आकडे नावानिशी छापले जातात, आणि हे सारे आपुलकीपोटीच होते. तथापि जुन्या शिस्तीत प्रत्येक माहितीला तिचे कारण आणि तिची मर्यादा ठरलेली होती: विवाहाची वही साक्षीसाठी खुली, निवेदन कायमचे बंद, अनौरस बाळाच्या बापाची जागा कोरी, पेटीला दोन किल्ल्या. माणसाने आपले नाव, दुःख किंवा चूक ज्या कारणासाठी चर्चला सांगितली, त्या कारणापुरतीच ती वापरावी, हा त्या सर्व नियमांचा मथितार्थ आहे. कॅम्पातील आणि सीमाभागातील चर्चना गोपनीयतेचे धोरण आखताना नव्या कायद्याची मदत जरूर घ्यावी लागेल, परंतु त्या धोरणाचा पाया त्यांच्याच जुन्या वह्यांत आहे; आणि अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या समाजात, जिथे एका नोंदीने एखाद्याची नोकरी, सोयरीक किंवा सुरक्षितता धोक्यात येऊ शकते, तिथे तो पाया जपणे हे चर्चचे आपल्या माणसांप्रती असलेले पहिले कर्तव्य आहे.