पिवळा दिवा नेमका कोणासाठी लागतो?

गाडीच्या डॅशबोर्डवर दोन दिवे असे आहेत, की त्यांचे स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट. एक लाल, तेलाच्या कॅनचं चित्र असलेला. दुसरा पिवळा, इंजिनाच्या आकाराचा. लाल लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. पिवळा लागतो तेव्हा बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं, निदान आपल्याला तरी काही जाणवत नसतं. गाडी छान पळते, ॲव्हरेज तेवढंच, कसला आवाज नाही, आणि तरी हा पठ्ठ्या पेटून बसलेला. मग गॅरेजवाला सांगतो, "साहेब, तो लागतोच, लक्ष नका देऊ." आणि आपण खरंच लक्ष देणं सोडतो.

आता प्रश्न असा, की एकाच गाडीत एक दिवा इतका आळशी आणि दुसरा इतका हळवा का? सेन्सर खराब, कंपनीला सर्व्हिसिंगचे पैसे काढायचेत, वगैरे उत्तरं आपण ऐकतो. खरं उत्तर मात्र इतिहासात आहे. हे दोन दिवे वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या मालकांसाठी बसवले.

आधी लाल. सुरुवातीच्या गाड्यांत तेलाचा दाब दाखवायला काटा असायचा. काटा म्हणजे माहितीचा खजिना, पण तो वाचता यायला हवा. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या हडसन कंपनीने काटे काढून त्यांच्या जागी दिवे बसवले. दिवा स्वस्त आणि समजायला सोपा. जाणकार ड्रायव्हरांनी मात्र नाकं मुरडली आणि या दिव्यांना नाव ठेवलं 'मूर्खांचे दिवे'. त्यांची तक्रार अगदीच चुकीची नव्हती. काटा हळूहळू खाली येताना दिसतो, दिव्याला मधली अवस्थाच नसते. तेलाचा दाब तळाला गेला की स्विच जोडला जातो आणि दिवा लागतो. लक्षात घ्या, हा दिवा साधारणपणे तेल किती उरलं ते सांगत नाही, दाब गेला ते सांगतो. म्हणजे तो दिसल्यावर "पुढच्या पंपावर बघू" म्हणायची सोय नाही. गाडी बाजूला घ्यायची आणि इंजिन बंद करायचं.

हा दिवा तुमच्या इंजिनासाठी होता. पिवळ्याची गोष्ट मात्र इंजिनात सुरूच होत नाही, ती हवेत सुरू होते.

जुलै १९४३. लॉस एंजेलिसवर एक दिवस इतकं दाट, डोळे झोंबवणारं धुकं उतरलं, की लोकांना वाटलं जपानने विषारी वायू सोडला (महायुद्ध चालू होतं). वायू-बियू काही नव्हता, शहराचा स्वतःचाच धूर होता. तो कुठून येतो हे कळायला आणखी काही वर्षं गेली. कॅल्टेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे एक डच रसायनशास्त्रज्ञ होते. हे गृहस्थ अननसाला वास कशामुळे येतो याचा अभ्यास करत होते! तीच तंत्रं वापरून त्यांनी शहरातली हवा तपासली आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की गाड्या आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणारे वायू उन्हात एकमेकांशी रासायनिक खेळ करतात आणि त्यातून हे धुरकं तयार होतं. तेलकंपन्यांनी अर्थातच वाद घातला. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केलं आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले हेच हागेन-स्मिट.

पुढे १९७० मध्ये अमेरिकेत हवेचा कडक कायदा आला आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला. नंतरच्या कन्व्हर्टरना तर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी नेमकं, वजनाने साधारण १४.७ ला १, लागायचं. हे कार्ब्युरेटरच्या स्क्रूचं काम नाही. त्यासाठी ऑक्सिजन सेन्सर आणि कंप्युटर आला. १९८१ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या पेट्रोल गाड्यांत कंप्युटर घातला आणि त्याच्या जोडीला दिवा: चेक इंजिन. त्या वेळचं डीबगिंग ऐकलंत तर मजा वाटेल. डॅशबोर्डखालच्या सॉकेटच्या दोन पिना तारेने जोडायच्या आणि दिवा किती वेळा मिचकावतो ते मोजायचं. एकदा, थांबा, दोनदा, म्हणजे कोड बारा. लॉग फाइल नाही की स्क्रीन नाही, नुसता एक बल्ब :)

आता कळीचा मुद्दा. नवीन गाड्या स्वच्छ निघू लागल्या तरी एक दुखणं उरलंच. कन्व्हर्टर मेला तरी गाडी मस्त चालते. ड्रायव्हरला काहीही कळत नाही, कळतं ते फक्त मागे उभ्या असलेल्याच्या फुफ्फुसांना. आणि शहरातल्या प्रदूषणाचा मोठा वाटा अशा थोड्या बिघडलेल्या गाड्यांकडून येतो. ठरावीक मुदतीने होणाऱ्या तपासणीत त्या सापडतात, पण तोवर महिनोन् महिने धूर ओकून झालेला असतो. आपल्याकडची पीयूसी आठवा. सर्टिफिकेट मिळालं त्या दिवशी गाडी ठीक होती, एवढंच ते सांगतं.

म्हणून कॅलिफोर्नियाच्या मंडळाने ठरवलं, की तपासनीसच गाडीत बसवायचा. पहिली आवृत्ती १९८८ च्या मॉडेलपासून आली. ती फारच भोळी होती, मुख्यतः तार तुटली किंवा शॉर्ट झाली असल्या गोष्टीच तिला कळायच्या. दुसरी आवृत्ती, म्हणजे ओबीडी-टू, १९९४ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या गाड्यांना सक्तीची झाली. तिचा साधारण नियम असा, की बिघाडामुळे धूर ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होण्याइतका वाढणार असेल तर दिवा लागलाच पाहिजे. इंजिनाला धोका असो वा नसो.

इथे गाठ सुटते. पिवळा दिवा मुळात तुमच्या इंजिनासाठी नाहीच, तो शहराचा दिवा आहे. तो तुमच्या डॅशबोर्डवर, तुमच्या पैशाने बसवलेला आहे, पण चाकरी करतो तुमच्यामागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाची. लांडगा आला रे आलाच्या गोष्टीत लांडगा खोटा असतो. इथे लांडगा खरा आहे, फक्त तो दुसऱ्याच्या शेळ्यांवर आलेला आहे.

हळवेपणाचा कळस म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं झाकण. पेट्रोलची वाफही हवा बिघडवते, म्हणून अमेरिकन नियमांनी टाकीच्या सगळ्या नळ्यांतली गळती तपासायला लावली. आधी साधारण एक मिलिमीटरचं भोक सापडलं पाहिजे असा नियम होता, मग २००० च्या मॉडेलपासून हळूहळू अर्ध्या मिलिमीटरवर आला. अर्धा मिलिमीटर! झाकण नीट घट्ट केलं नाही की गाडीच्या लेखी ते भलंमोठं भगदाड. तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना हा अनुभव नवा नसेल. भारताने युरोपच्या नियमांची वाट धरली. आपल्याकडे नव्या गाड्यांना ओबीडीची पहिली पायरी १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरी १ एप्रिल २०१३ पासून आली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा आल्यावर नियम आणखी कडक झाले आणि दिवे आणखी हळवे.

नियम लिहिणाऱ्यांना खोट्या इशाऱ्याची भीती नव्हती असं मात्र नाही. बरेचसे बिघाड एकदा दिसले तर कंप्युटर नुसती नोंद ठेवतो, पुढच्या फेरीतही दिसले तरच दिवा लावतो. लागोपाठ तीन फेऱ्या सगळं ठीक असेल तर दिवा आपोआप विझतो. आपल्या भाषेत सांगायचं तर हे चक्क डिबाउन्स आहे. शिवाय एक खास सवलत ठेवली: इंजिन इतकं मिसफायर करतंय की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खलास होईल, अशा वेळी दिवा स्थिर न राहता मिचकावतो. हा फरक फार थोड्या लोकांना ठाऊक असतो, कारण तो सांगणारं मॅन्युअल ग्लव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेरच येत नाही.

पण इशारा कितीही विचार करून दिला तरी माणूस त्याला कंटाळू शकतो, आणि कंटाळला की काय करतो याचाही इतिहास आहे. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या पुढच्यांनी सीटबेल्ट लावल्याशिवाय सुरूच होत नसत. शेजारच्या सीटवर किराण्याची पिशवी ठेवली तरी गाडी रुसायची. लोक इतके खवळले, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने ती सक्ती काढून टाकली आणि बझरची सक्तीही आठ सेकंदांपुरतीच ठेवता येईल असं बजावलं. चांगल्या हेतूचा इशारा अति झाला आणि अडतीस वर्षं, म्हणजे २०१२ पर्यंत, कायद्याचा हात बांधून बसला.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटसाठी बेल्टची आठवण आणि ताशी ८० किलोमीटरला टिंग-टिंग, १२० नंतर सतत टणटण, हे सक्तीचं झालं. आपण यावर काय शोधलं? बेल्टच्या खाचेत अडकवायची नुसती पट्टी. बेल्ट नाही, फक्त त्याची जीभ. ऑनलाइन मिळायची, काहींवर बाटली उघडायची सोयसुद्धा! सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरच्या बेल्टची देशभर चर्चा झाली. त्यानंतर मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना या पट्ट्या विक्रीतून काढायला लावल्या. थोडक्यात काय, तर आवाज बंद करायला आपण पैसे मोजत होतो, आणि आवाज कशासाठी आहे हे मात्र आपल्याला पक्कं माहीत होतं.

आपण रोज ऑफिसात हेच करतो. बिल्डमध्ये चारशे वॉर्निंग असतात, म्हणून चारशे एकावी कोणी वाचत नाही. रात्री तीनला येणारे अलर्ट आपण म्यूट करतो. वॉर्निंग खोटी असते असं नाही, ती आपल्या मॉड्यूलची नसते. पिवळ्या दिव्याचं नेमकं हेच झालंय. त्याने कधी सांगितलंच नाही की तो कोणासाठी बोलतोय, म्हणून 'इंजिन चांगलं चाललंय, म्हणजे दिवा खोटा' हा निष्कर्ष आपण काढून मोकळे झालो.

तेव्हा एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. लाल तेल-दिवा: लगेच थांबा, इंजिन बंद. पिवळा मिचकावतोय: ॲक्सिलरेटर हलका करा, जपून बाजूला घ्या आणि गॅरेजला फोन करा. पिवळा स्थिर आणि गाडी एरवीसारखीच चालतेय: घाबरू नका, पण आठवड्याभरात कोड वाचून घ्या. ओबीडी-टूने सोळा पिनांचं एकच सॉकेट ठरवून दिलं, त्यामुळे मोबाइलला जोडायचं छोटं यंत्र स्वस्तात मिळतं आणि कोपऱ्यावरचा मिस्त्रीही कोड वाचू शकतो. आणि जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू करायच्या आधी, हा दिवा लागतो का ते जरूर बघा. त्या वेळी तो लागलाच पाहिजे, ती त्याची स्वतःची चाचणी असते. लागला नाही, तर कोणीतरी त्याचं तोंड दाबलेलं असण्याची शक्यता आहे.

सिग्नलला आपण काच वर करून, एसी लावून बसलेलो असतो. काचेबाहेर ट्रॅफिक पोलीस उभा असतो, आणि आपल्या सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय हे तो किती वेळ श्वासात घेणार, हे त्या पिवळ्या दिव्याकडे बघून आपण काय करतो त्यावरही ठरतं.