लँग्ले यांचे ‘एरोड्रोम’ : नऊ दिवस आधी कोसळलेले विमान

राइट बंधूंचे विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे उडाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच्या अवघ्या नऊ दिवस आधी वॉशिंग्टनजवळ पोटोमॅक नदीत एक विमान झेपावताच कोसळले. त्यामागे अमेरिकेतील अग्रगण्य वैज्ञानिक संस्थेची प्रतिष्ठा आणि सरकारी पैसा होता.

या विमानाचे निर्माते सॅम्युएल पिअरपाँट लँग्ले (१८३४–१९०६) हे नामवंत खगोलशास्त्रज्ञ होते. १८८७ पासून ते स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते. ६ मे १८९६ रोजी त्यांचे वाफेच्या इंजिनावर चालणारे मानवविरहित विमान सुमारे एक किलोमीटर उडाले. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल या उड्डाणाचे साक्षीदार होते. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध जुंपल्यावर अमेरिकेच्या युद्ध खात्याने माणूस वाहून नेणारे विमान बनविण्यासाठी लँग्ले यांना ५० हजार डॉलर मंजूर केले.

लँग्ले यांचे सहायक चार्ल्स मॅन्ली यांनी त्यासाठी पाच सिलिंडरांचे, सुमारे ५२ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन सिद्ध केले. त्या काळात ते अद्वितीय होते. राइट बंधूंचे इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचे होते. एकामागे एक अशा पंखांच्या दोन जोड्या असलेले हे विमान तरत्या नौकेच्या छपरावरून स्प्रिंगच्या जोराने हवेत फेकले जाई. चालक मॅन्लीच होते. ७ ऑक्टोबर १९०३ रोजी विमान थेट पाण्यात गेले. ८ डिसेंबरला झेपावतानाच त्याचा मागचा भाग मोडला. मॅन्ली बर्फगार पाण्यात सांगाड्याखाली अडकले. परंतु सुदैवाने बचावले.

लँग्ले यांनी अपयशाचा दोष प्रक्षेपण यंत्रणेला दिला. खरी उणीव अधिक खोल होती. प्रतिकृती त्याच आकारात चौपट मोठी केली, तर वजन चौसष्टपट वाढते, पण तिच्या दांड्यांच्या काटछेदाचे क्षेत्र सोळापटच होते. त्यामुळे लहान विमानात टिकलेली रचना मोठ्या विमानात दुबळी ठरली. विमान एका बाजूस कलले, तर सावरण्याची सोय नव्हती, उतरण्यासाठी चाके वा घसरपट्ट्या नव्हत्या आणि मॅन्ली यांना हवेत तरंगण्याचा कोणताही सराव नव्हता. राइट बंधूंनी मात्र इंजिन बसविण्यापूर्वी १९०२ मध्ये ग्लायडरवर शेकडो वेळा उडून तोल सांभाळण्याची विद्या साधली होती.

वृत्तपत्रांनी लँग्ले यांची यथेच्छ टर उडविली. पुढे १९१४ मध्ये ग्लेन कर्टिस यांनी या विमानात मोठे फेरफार करून ते थोडे अंतर उडविले. राइट बंधूंच्या पेटंटवरून कर्टिस यांच्याशी तेव्हा खटला चालू होता. तरीही फेरफारांचा तपशील दडवून स्मिथसोनियनने मानवासह उड्डाण करण्यास समर्थ असे पहिले विमान म्हणून लँग्ले यांच्या विमानाचा गौरव केला. संतापलेल्या ऑर्व्हिल राइट यांनी १९२८ मध्ये आपले विमान लंडनच्या विज्ञान संग्रहालयाकडे धाडले. संस्थेने १९४२ मध्ये जाहीरपणे आपला दावा मागे घेतला. १९४८ मध्ये ते विमान मायदेशी परतले. ते पाहण्यास ऑर्व्हिल हयात नव्हते. आज ही दोन्ही विमाने स्मिथसोनियनच्याच संग्रहात आहेत.