नव्या पेठेंत घर

गांवाबाहेर नवी वस्ती आंखली गेली, जमिनीचे तुकडे पडले आणि ते विक्रीस निघाले, म्हणजे मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एक वाद सुरू होतो. घरांतील कर्ता पुरुष जागेचें मोजमाप व किंमत पाहतो. गृहिणी पाण्याची व बाजाराची चौकशी करते. आणि वडील मंडळी विचारतात कीं, तेथें राहावयास आणखी कोण कोण जाणार आहे? या तीन प्रश्नांपैकीं तिसरा सर्वांत जुना, आणि उत्तर देण्यास सर्वांत अवघड. खानदेशांत हा प्रश्न एकदां एका सबंध गांवापुढें उभा राहिला होता. ती हकीकत धुळें शहराच्या इतिहासांत आहे. पण धुळ्याच्या सरळ रस्त्यांचें कौतुक करणारे लोक तिकडे फारसे वळत नाहींत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धुळें हें नांव घेण्याजोगें ठिकाण नव्हतें. त्या भागांतील मुख्य ठाणें म्हणजे लळिंगचा किल्ला. धुळें हें त्याच्या ताब्यांतलें, पांझरेच्या दक्षिण कांठचें एक खेडें. १८०३ सालीं होळकरांच्या फौजांची लुटालूट आणि त्याच सालचा भयंकर दुष्काळ या दोहोंच्या तडाख्यांत तें खेडें साफ ओस पडलें. दुसऱ्या वर्षीं विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन मिळाली, पुढें सोनगीर व लळिंग या मुलखाचा कारभारहि त्यांच्याकडे आला, आणि त्यांनीं आपलें ठाणें धुळ्यासच केलें. म्हणजे १८१८ सालीं पेशवाई बुडून इंग्रजांचा अंमल आला, तेव्हां धुळ्याच्या बहुतेक घरांचें वय पंधरा वर्षांहून अधिक नव्हतें. आणि त्या घरांतील प्रत्येक प्रौढ माणसाला गांव सोडून पळणें म्हणजे काय, हें अनुभवानें ठाऊक होतें.

खानदेशचा पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें हेंच गांव आपल्या कारभारासाठीं निवडलें. मुंबईकडून आग्र्यास जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर तें होतें. परंतु तेथें जागेची अडचण मोठी. ब्रिग्जनें त्याचें वर्णन केलें आहे तें असें कीं, गांव लहान, सभोंवार बागाईत, आणि एका बाजूस पाट तर दुसऱ्या बाजूस नदी, यांच्यामध्यें कोंडलेलें. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाट काढून पिकें भिजविण्याची फडपद्धति खानदेशास फार पुरातन. तेव्हां गांवाला श्वास घेण्यास जागा उरली नव्हती ती याच सुबत्तेमुळें. जानेवारी १८१९ मध्यें मुलकी व न्यायाच्या कामासाठीं कचेऱ्या बांधण्याची मंजुरी त्यानें मिळविली. दूरदूरचे कारागीर आणविले, आणि एकंदर सुमारें २७,००० रुपये खर्चून इमारती उभ्या केल्या.

कचेरी बांधणें सोपें. तिच्याभोंवतीं शहर आणणें कठीण. त्यासाठीं ब्रिग्जनें दोन सवलती जाहीर केल्या. पहिली ही कीं, जो कोणी घर बांधील त्याला जागा कायमची बिनसाऱ्याची मिळेल. दुसरी ही कीं, पक्कें घर बांधण्यासाठीं सरकारांतून उचल मिळेल. आणि ती जुन्या रहिवाशांना तशीच बाहेरून येणाऱ्यांनाहि मिळेल. आजच्या गृहस्थाला जागा फुकट व कर्ज दारांत, असें म्हटल्यावर विचार करण्याजोगें कांहीं उरत नाहीं. १८१९ सालच्या गृहस्थाला मात्र विचार करण्यासारखें पुष्कळ होतें.

श्रोत्यांनीं त्या काळचें एखादें व्यापारी कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. जुन्या गांवांत धाब्याचें घर आहे, शेजारी भाऊबंद आहेत, देऊळ व विहीर जवळ आहे. नव्या जागीं आंखलेल्या रेषांपलीकडे अद्याप कांहीं नाहीं. जागा "कायमची" मिळणार. पण हा शब्द देणाऱ्या सरकारचें खानदेशांतील वय अवघें वर्षाच्या आंतबाहेर! मालेगांवचा किल्ला अरबांच्या हातून घ्यावयास इंग्रजी फौजेला १८१८ च्या उन्हाळ्यांत केवढी झुंज द्यावी लागली, हें सर्वांच्या कानांवर होतें. सातपुड्यांत व दक्षिणेकडच्या डोंगरांत भिल्लांच्या टोळ्यांचा दंगा चालूच होता. हें सरकार गेलें, तर त्याच्या सनदेला विचारणार कोण? शिवाय ज्यानें १८०३ साल पाहिलें, त्याला एक गोष्ट पक्की उमजली होती. सोनेंनाणें गांठोड्यांत बांधून नेतां येतें. पक्कें घर नेतां येत नाहीं. आणि उचल घेतलेलें घर तर मागें टाकलें तरी कर्ज पाठीवर येतें.

मग लोक गेले कसे? याचें एक कारण असें दिसतें कीं, ही सवलत त्यांना सर्वस्वीं परकी वाटली नसावी. मराठी राज्यांत नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकार कौल देई, कांहीं वर्षें पट्टीची माफी असे, आणि शेट्ये-महाजन उदमी लोकांना बोलावून आणीत. पुण्याच्या कित्येक पेठा अशाच भरल्या. ब्रिग्ज हा फारसीचा जाणता पंडित. पुढें १८२९ सालीं फिरिश्त्याच्या इतिहासाचें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. देशी राज्याची रीत त्याला माहीत नसेल, असें मानण्याचें कारण नाहीं. फरक एवढाच कीं, कौलाची माफी मुदतीची असे, ही कायमची होती. त्यानेंच १८३० सालीं हिंदुस्थानांतील जमीनसाऱ्याच्या बोजाविरुद्ध ग्रंथ लिहिला, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धुळ्याची ही बिनसाऱ्याची जागा केवळ आमिष नव्हती, त्यामागें कांहीं मतहि होतें, असें वाटूं लागतें.

दुसरें कारण अधिक व्यवहारी. सरकारचा शब्द एक गोष्ट, आणि सरकारचे २७,००० रुपये ही दुसरी. ज्यानें स्वतःच्या कचेऱ्या दगडविटांनीं बांधल्या, तो उद्यां उठून जाणार नाहीं, हा तर्क सनदेच्या मजकुरापेक्षां व्यापाऱ्याला लवकर पटतो. आणि जेथें न्यायकचेरी तेथें पक्षकार, जेथें खजिना तेथें सराफ. बाहेरगांवचा मनुष्य दाव्याला आला कीं त्याला उतरावयास जागा हवी, शिधा हवा, अर्ज लिहून देणारा हवा. ज्यांच्या पोटापाण्याचा या गोष्टींशीं संबंध होता, त्यांना नव्या पेठेपासून दूर राहणेंच महाग पडलें असतें. भाऊबंदांच्या शेजारांतून त्यांना ओढून नेलें तें फुकट जागेपेक्षां या गर्दीच्या आशेनें, असें म्हणणें अधिक रास्त.

आंकडे पाहावे. १८१९ सालीं धुळ्यांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. १८७२ च्या आरंभीं झालेल्या खानेसुमारींत २,६२० घरें व १२,४८९ माणसें भरलीं. माणसें पांचपट झालीं, पण घरें साडेसहापट. पूर्वीं एका घरांत सरासरीनें सहांहून अधिक माणसें राहत. आतां पांचांहूनहि कमी राहूं लागलीं. नवी वस्ती केवळ बाहेरच्या लोकांना सामावून घेत नाहीं, ती मोठालीं कुटुंबेंहि विभागते, असा तर्क या आंकड्यांवरून काढला तर तो अगदींच धाडसाचा होणार नाहीं. जुनें धुळें व नवें धुळें असा भेद तेव्हांपासून पडला. जुन्यांत घरें वेडींवांकडीं आणि बहुतेक साधीं, तर नव्यांत रस्ते सरळ आणि गल्ल्या इतक्या रांगेंत कीं पुढें त्या नांवांऐवजीं क्रमांकांनींच ओळखल्या जाऊं लागल्या.

येथें एका लोकप्रिय समजुतीचें निरसन केलें पाहिजे. धुळ्याच्या या आंखीव रचनेचें श्रेय पुष्कळ जण सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांना देतात. विश्वेश्वरय्या तरुणपणीं खानदेशांत इंजिनिअर होते हें खरें, आणि दातर्ती येथील त्यांचें पाटबंधाऱ्याचें काम प्रसिद्ध आहे. पण ते सरकारी नोकरींत आले १८८४ सालीं. ब्रिग्जनें जागा वांटण्यास आरंभ केला, त्यानंतर चाळीस वर्षांनीं त्यांचा जन्म झाला. मोठ्या माणसाच्या नांवावर दुसऱ्याचें काम चढविल्यानें त्याचें मोठेपण वाढत नाहीं.

नदीनें मात्र आपला हिशेब सोडला नाहीं. १८७२ सालच्या सप्टेंबरांत पांझरेला मोठा पूर आला व धुळ्यांतील घरांदारांची फार हानि झाली. वर सांगितलेलीं २,६२० घरें मोजलीं गेलीं तीं याच्या अवघे कांहीं महिने आधीं. पाट आणि नदी यांमध्यें गांव कोंडलेलें आहे, हें ब्रिग्जनें पहिल्याच वर्षीं लिहून ठेवलें होतें. आणि विशेष हें कीं, पूर आला तेव्हां तो विलायतेंत हयात होता, त्याचा मृत्यु १८७५ सालीं झाला. जागेचे गुण घेणारा तिचा दोष विसरतो, पाणी विसरत नाहीं.

जळगांवची कथा निराळी. तेथें कोणी ब्रिग्ज नव्हता. तेथें कापूस होता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि खानदेशच्या कापसाला कधीं नव्हे असा भाव आला. रेल्वेच्या रस्त्यावर असलेलें जळगांव ही कापसाची मोठी पेठ बनली, आणि सरकी काढण्याचीं व गठ्ठे दाबण्याचीं यंत्रें या भागांत प्रथम आलीं त्यांत जळगांव पुढें होतें. १८६४ सालीं तेथें म्युनिसिपालिटी झाली. त्याच वेळीं मुंबईंत लोक समुद्र हटवून निघावयाच्या जमिनीच्या शेअरांवर तुटून पडले होते; बॅक बे कंपनीच्या पांच हजारांच्या शेअराचा भाव पन्नास हजारांच्या घरांत गेला. जी जमीन अद्याप पाण्याखालीं आहे, ती विकत घेण्यास माणसें धांवतात, याहून घरबांधणीच्या वेडाचा मोठा दाखला शोधावयास नको. १८६५ सालीं लढाई संपली, भाव कोसळले, आणि मुंबईबरोबर जळगांवच्या व्यापारालाहि जबर धक्का बसला.

परंतु बॅक बे कंपनीचे शेअर रद्दी झाले, तसे जळगांवचे रस्ते झाले नाहींत. कापसाचा धंदा पुन्हां सांवरला, खडीचे रस्ते व नवा बाजार झाला, दोन मैलांवरील मेहरूण तलावाचें पाणी शहरांत आलें, आणि पोलन नांवाच्या कलेक्टरच्या नांवानें एक नवें उपनगर वसलें. तीच पोलन पेठ. लोकांच्या तोंडीं तें नांव आजहि आहे, जरी तो कलेक्टर कोण हें सांगणारा विरळा. भाववाढीच्या दिवसांत ज्यांनीं उधारीवर वाडे चढविले आणि मंदीनंतर पाण्याची सोय पाहून ज्यांनीं बेताचीं घरें बांधलीं, त्यांचीं दारें या शहरांत एकमेकांपासून फार लांब नव्हतीं.

१९०१ च्या खानेसुमारींत धुळ्याची वस्ती २४,७२६ व जळगांवची १६,२५९ भरली. मध्यंतरीं १९०० सालीं चाळीसगांवाहून धुळ्यास आगगाडीचा फांटा आला होता. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचें ठाणें धुळ्यास राहिलें, पूर्वेचें जळगांवास गेलें. ब्रिग्जच्या कचेरीचें अर्धें काम अशा रीतीनें कापसानें वाढविलेल्या शहरांत आलें. आणि कचेरीमागोमाग कारकून, वकील व शिक्षक यांचीं बिऱ्हाडें जळगांवांत जागा शोधूं लागलीं.