जिव्हाळी

नख ते केवढं? नखाएवढं! पण मराठीत त्याने केवढी जागा अडवली आहे पाहा. नखशिखान्त, नखाची सर नसणे, गळ्याला नख लावणे... ('नखरा' मात्र या घरातला नाही बरं का, तो फारसीतून आलेला पाहुणा. वर्गात दरवर्षी कोणीतरी हमखास त्याला या यादीत घुसवायचं.) याच कुटुंबातला एक शब्द हल्ली फारसा कानावर पडत नाही. जिव्हाळी. नखाच्या आत असतं ते नाजूक, रक्ताचं मांस म्हणजे जिव्हाळी. नख फार खोलवर काढलं गेलं की जुनी माणसं म्हणायची, "जिव्हाळी लागली रे." जिव्हाळा आणि जिव्हाळी, दोन्ही शब्दांच्या पोटात 'जीव' आहे.

हा शब्द परवा आठवला तो आमच्या मोतीची नखं काढताना. हसू नका मंडळी. कुत्र्याच्या नखांनाही इतिहास आहे, आणि तो चक्क एका राजाच्या सनदेत लिहून ठेवलेला आहे. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण क्रमिक पुस्तकात हा धडा कधी आला नाही. म्हणून आज तो इथे घेतो.

त्यासाठी इंग्लंडात जायला हवं. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि शिकारीसाठी मोठमोठे मुलूख 'राजाचं रान' म्हणून राखून ठेवले. रान म्हणजे नुसती झाडी नव्हे. त्यात गावं आली, शेतं आली, कुरणं आली. त्या हद्दीत वेगळा कायदा चाले. हरणं राजाची. ती शेतात शिरून उभं पीक खाऊन गेली तरी शेतकऱ्याने त्यांना हात लावायचा नाही.

आता खेड्यातल्या माणसाला राखणीला कुत्रा हवाच. चोर आहेत, लांडगे आहेत. मास्टिफ नावाचे दांडगे कुत्रे त्यासाठी पाळले जात. पण असला कुत्रा राजाच्या हरणामागे धावला तर? यावर दरबारी मंडळींनी तोड काढली. कुत्रा खुशाल ठेवा, पण त्याच्या पुढच्या पायाची तीन नखं उडवा. मग तो भुंकेल, दारात बसेल, चोराला चावेलसुद्धा, पण हरणाला गाठू शकणार नाही. या प्रकाराला लॅटिनमध्ये 'एक्सपेडिटाशियो' असं भारदस्त नाव होतं. इंग्रजीत त्याला 'लॉइंग' म्हणत, म्हणजे कुत्र्याला कायद्यात बसवणं! दुसऱ्या हेन्री राजाने ११८४ साली वुडस्टॉक इथे रानाचे जे नियम जाहीर केले, त्यांत मास्टिफ कुत्र्यांसाठी हा हुकूम स्पष्ट आहे.

नखं उडवणं म्हणजे आपण टोकं काढतो तसं नव्हे. जॉन मॅनवुड नावाच्या कायदेपंडिताने १५९८ साली रानाच्या कायद्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात याची रीत दिली आहे. आठ इंच जाडीचा आणि फूटभर लांब-रुंद लाकडी ठोकळा घ्यायचा. त्यावर कुत्र्याचा पुढचा पाय ठेवायचा. तीन नखांवर दोन इंच रुंदीची छिन्नी धरायची आणि मोगरीच्या एका घावात ती उडवायची. वाचताना आपलीच बोटं आखडून येतात. इथे जिव्हाळी चुकून लागत नव्हती. ती तोडण्यासाठीच छिन्नी होती.

आता त्या सनदेकडे येतो. १२१५ सालचा मॅग्ना कार्टा आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केला आहे. त्याच्या पाठोपाठ ६ नोव्हेंबर १२१७ रोजी रानाची एक वेगळी सनद निघाली. तेव्हा गादीवर दहा वर्षांचा तिसरा हेन्री होता आणि कारभार वृद्ध विल्यम मार्शल पाहत होता. ही सनद आकाराने लहान, म्हणून दुसरीला 'मॅग्ना' म्हणजे मोठी असं नाव पडलं. पण गोरगरिबांच्या रोजच्या जगण्याशी या धाकटीचाच संबंध जास्त. रानात सरपण, चराई यांचे हक्क तिने मान्य केले, आणि रानातल्या गुन्ह्यासाठी कोणाचाही जीव किंवा अवयव घेऊ नये असंही सांगितलं.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण त्याच सनदेच्या सहाव्या कलमात कुत्रे आहेत. कुत्र्यांच्या नखांची तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी. ज्याच्या कुत्र्याची नखं शाबूत सापडतील त्याला तीन शिलिंग दंड. यापुढे त्यासाठी कोणाचा बैल ओढून नेऊ नये. (म्हणजे तोवर नेत होते!) आणि नखं तीनच तोडावीत, तीही पुढच्या पायाची, तळव्याची गादी सोडून. तीन शिलिंग म्हणजे छत्तीस पेन्स. मजुराला दिवसाला पेनी-दोन पेनी मिळण्याचा तो काळ. कुत्र्याच्या धड पायापायी गरिबाची काही आठवड्यांची कमाई जायची.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या कलमाचं मोल कळतं. मनमानी होती तिथे नियम आला, बैल वाचला, दंडाची रक्कम ठरली. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा मोठाच दिलासा. पण कुत्र्याच्या बाजूने वाचलं तर? माणसाचे अवयव वाचवणाऱ्या सनदेत त्याच्या वाट्याला 'तीनच नखं' आली. ही सनद कायद्याच्या पुस्तकात थेट १९७१ पर्यंत होती. अर्थात नखं तोडण्याची चाल त्याच्या कितीतरी आधी मागे पडली होती. इंग्लंडातल्या न्यू फॉरेस्ट भागात लिंडहर्स्ट नावाचं गाव आहे. तिथल्या रानाच्या जुन्या कचेरीत एक मोठी लोखंडी रिकीब जपून ठेवली आहे. तिच्यातून जो कुत्रा पार होईल त्याची नखं वाचत, अशी तिथली समजूत. लहानखुरं असणंही कधीकधी भाग्याचं असतं!

आपल्याकडे कुत्र्याची नखं कोण काढत होतं? मी बराच विचार केला. माणसांची नखं काढायला न्हावी होता, त्याची ती नऱ्हाणी होती. बैलाच्या पायाला पत्री ठोकायला नालबंद होता. कुत्र्यासाठी कोणीच नव्हतं, कारण गरजच नव्हती. धनगराचा कुत्रा पाहा. पावसाळा सरला की मेंढ्यांबरोबर घाट उतरून कोकणात जायचं, पुढच्या पावसाच्या तोंडावर पुन्हा वर देशावर यायचं. वाटेत मुरूम, खडक, ढेकळं. मांजरासारखी नखं आत ओढून घ्यायची सोय कुत्र्याला नाही, त्यामुळे पावलागणिक ती घासली जातात. जमीन हीच त्याची नऱ्हाणी. आमच्या लहानपणी गावात दारोदार हिंडणाऱ्या कुत्र्यांची नखं वाढलेली मला तरी आठवत नाहीत.

मग कुत्रा घरात आला. अंगणातून ओसरीवर, ओसरीवरून सोफ्यावर. शेणाच्या जमिनी जाऊन शहाबादी आली, शहाबादी जाऊन गुळगुळीत टाइल्स आल्या. आपण त्याची जमीन काढून घेतली. तिचं काम मात्र कोणीतरी करायलाच हवं.

याच काळात माणसाची नजरही बदलत होती. ज्या इंग्लंडात छिन्नी चालली, तिथेच १८२२ साली गुराढोरांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा झाला आणि १८३५ साली त्यात कुत्रेही आले. मुंबईत १८७४ मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी संस्था निघाली. पुढे परळला जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं, आणि १८८६ साली तिथेच पशुवैद्यकाचं कॉलेज सुरू झालं. आज आपण ज्या डॉक्टरांकडे कुत्र्याला घेऊन जातो, त्यांची परंपरा ही अशी.

आता मोतीबद्दल. मोती अकरा वर्षांचा. गावठी, अंगाने तांबूस आणि नखं कोळशासारखी काळी. पूर्वी आम्ही दोघे रोज सकाळी टेकडीपर्यंत जायचो. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आमची फिरती सोसायटीच्या फाटकापर्यंत आली. काही महिन्यांत घरात टक-टक-टक असा आवाज येऊ लागला. 'ही' म्हणाली, "याच्या पायात कोणी घुंगरं बांधली?" मग तो टाइल्सवर घसरू लागला. एके दिवशी जिन्याच्या तीन पायऱ्या चढायचंच त्याने नाकारलं. आम्हांला वाटलं, म्हातारपण. डॉक्टरांनी पाय उचलून दाखवला. नखं इतकी वाढली होती की उभं राहताना ती आधी जमिनीला टेकत, बोटं वर ढकलली जात आणि सगळा भार मागे जाई. म्हाताऱ्या सांध्यांना ही शिक्षाच. बोटभर लोखंड न लावताही पाय जायबंदी होतो तो असा.

पांढऱ्या नखाचं सोपं असतं. उजेडात धरलं की आतली गुलाबी जिव्हाळी दिसते. काळ्या नखात काहीच दिसत नाही. नख कुठे संपतं आणि जीव कुठे सुरू होतो हे कळत नाही, म्हणून भल्याभल्यांचे हात कापतात. डॉक्टरांनी मला जे शिकवलं ते आमच्या नातेवाइकांतल्या श्वानप्रेमींसाठी (चिंचवडकर मंडळी, वाचताय ना?) नीट लिहून ठेवतो.

माणसांचं नेलकटर वापरू नये. कुत्र्याचं नख गोल असतं, ते चेपून चिरतं. कुत्र्यांसाठी वेगळी कात्री मिळते. एका प्रकारात नख भोकात घालायचं आणि पातं सरकून ते कापतं. त्याचं नाव गिलोटिन! फ्रेंच राज्यक्रांती शिकवताना मी ज्याचं चित्र फळ्यावर काढायचो तेच. डॉ. गिलोटिनने १७८९ मध्ये फ्रान्सच्या सभेत असा आग्रह धरला होता की मृत्युदंड सर्वांना सारखाच आणि कमीत कमी यातनेचा असावा. त्या बिचाऱ्याचं नाव शेवटी कुत्र्याच्या नखांपर्यंत येऊन पोचलं. मोतीसारख्या जाड नखांना मात्र पकडीसारखी कात्री बरी पडते.

भरपूर उजेडात बसावं. पंजा घट्ट आवळू नये, एकेक बोट हलकेच धरावं. नख खालच्या बाजूने पाहावं. टोकाशी ते पन्हाळीसारखं पोकळ दिसतं, पुढे भरीव होतं. भरीव भागाच्या अलीकडेच थांबायचं. एकदम तुकडा पाडायचा नाही, मिलिमीटरभराच्या चकत्या काढायच्या आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेला भाग पाहायचा. आधी तो खडूसारखा कोरडा, पांढुरका दिसतो. मग मध्यभागी एक गडद, ओलसर ठिपका उमटतो. तो दिसला की कात्री खाली ठेवायची. जिव्हाळी तिथून जवळ आहे. (आयुष्यभर खडू हाताळल्यामुळे मला ही खूण पटकन समजली.)

रक्त आलंच तर घाबरून आरडाओरडा करू नये, कुत्रा आपल्यापेक्षा जास्त घाबरतो. रक्त थांबवायची पूड मिळते, ती आणून ठेवावी. नसेल तर कॉर्नफ्लॉवर चिमटीने दाबून काही मिनिटं धरावं. दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर डॉक्टर. अंगठ्याचं नख विसरू नये. ते वर असतं, जमिनीला लागत नाही, म्हणून वळून मांसात घुसतं. घुसलेलं असेल तर घरी हात लावू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं. फार वाढलेल्या नखात जिव्हाळीही पुढे आलेली असते. तेव्हा एका दिवसात नखं आखूड करायला जाऊ नये. आठवड्याला थोडं थोडं काढत गेलं की जिव्हाळी हळूहळू मागे सरते. मोतीच्या बाबतीत याला चार महिने लागले. त्याची नखं अठरा, आणि आम्ही एका बैठकीत चारांच्या वर जात नाही. दर नखामागे शेंगदाण्याएवढा पनीरचा तुकडा. पहिले आठ दिवस तर कात्री नुसती शेजारी ठेवून पंजा हातात धरायचा, एवढंच केलं. तिसऱ्या महिन्यात तो त्या तीन पायऱ्या चढला. चढून वर जाऊन बसला आणि आमच्याकडे असं पाहू लागला, की मी कधी थांबलोच नव्हतो!

वाकता येत नाही म्हणून माझ्या पायाची नखं हल्ली नात काढते. तिला सांगतो, हळू गं. मोतीला ते सांगता येत नाही. तो फक्त पंजा किंचित मागे ओढतो आणि मग पुन्हा हातात देतो. त्या ओढण्याकडे लक्ष ठेवावं लागतं. आठशे वर्षांपूर्वी ठोकळ्यावर ठेवलेल्या पंजांनीही असंच मागे ओढून पाहिलं असेल. तिथे ते पाहणारं कोणी नव्हतं.

असो. तुमच्या घरात कुत्रा असेल तर आज रात्री टीव्ही बंद करून जरा कान द्या. टाइल्सवर टक-टक ऐकू आली तर उद्या त्याचा पंजा हातात घ्या. कात्री नंतर. आमच्याकडे आज शनिवार, डाव्या मागच्या पायाची पाळी आहे. पनीर किसून ठेवलंय की तुकडे केलेत, ते स्वयंपाकघरात विचारून येतो.