नळी घडविणारा नेमबाज

रत्नागिरी जिल्ह्यांतील खेडोपाडीं रानडुकरांपासून शेताचें रक्षण करण्यासाठीं ठासणीची बंदूक फार दिवसांपासून वापरांत आहे. नळीच्या तोंडाकडून दारू व गोळी घालावयाची, गजानें ठासावयाची आणि मग नेम धरावयाचा, ही रीत तेथील शेतकऱ्यांच्या अंगवळणीं पडलेली आहे. काडतुसें आल्यावर ही रीत मागासलेली ठरली. परंतु काडतुसांच्या युगांतच एका अमेरिकन कारागिरानें ह्या रीतीचा अर्धा भाग मुद्दाम राखून त्या काळच्या अत्यंत अचूक बंदुका घडविल्या, हें थोड्यांनाच ठाऊक असेल. त्याचें नांव हॅरी पोप.

पोप ह्यांचा जन्म १८६१ सालीं न्यू हॅम्पशायर राज्यांतील वॉलपोल गांवीं झाला. यंत्रविद्येचें शिक्षण घेऊन ते सायकलीच्या कारखान्यांत नोकरीस लागले. नेमबाजीचा नाद मात्र सुटला नाहीं. फावल्या वेळीं ते स्वतःच्या बंदुकीसाठीं नळ्या करूं लागले आणि पुढें तोच त्यांचा धंदा झाला. अमेरिकेंत स्थायिक झालेल्या जर्मन लोकांच्या नेमबाजी मंडळांत दोनशें यार्डांवरून, उभ्यानें, बंदूक हातीं तोलून निशाण मारण्याच्या चुरशीच्या स्पर्धा होत. त्यांत पोप हे नामांकित स्पर्धक होते.

त्यांच्या करामतीचें मर्म असें. नळी पुरी होण्यापूर्वींच तिच्या तोंडाचा एक लहान तुकडा कापीत आणि तो खुंट्यांनीं पुन्हां पूर्ववत् जोडीत. मग नळी व तुकडा ह्यांच्या आंतून एकसंध अशा आठ पेचदार खांचा पाडीत. नेमबाजानें हा तुकडा बसवून त्यांतून गोळी आंत सारावयाची, गजानें ती मागपर्यंत न्यावयाची, तुकडा काढून ठेवावयाचा आणि दारूचें काडतूस मागून घालावयाचें. गोळी तोंडाकडून, दारू मागून ! ह्यामुळें नळीच्या तोंडाची धार झिजत नसे व गोळीचा तळ बिघडत नसे. तळ रेसभर वांकडा झाला, तरी गोळी भरकटते.

उभ्यानें मारलेल्या नेमांत हाताचा गुण किती आणि नळीचा किती, हें सांगणें कठिण. बंदूक भक्कम आधारावर टेकविली, म्हणजे हाताचा कंप जातो आणि कारागिराची खरी परीक्षा होते. ती १९०१ सालीं झाली. कोलोरॅडोंतील रोलंड नांवाच्या नेमबाजानें पोप ह्यांची नळी अशी टेकवून दोनशें यार्डांवरून दहा गोळ्या झाडल्या. सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर पाऊण इंचाहूनही कमी भरलें. दहाही छिद्रें चांदीच्या एका रुपयाखालीं झांकलीं गेलीं असतीं !

असें यश मिळूनही सुख लाभलें असें नाहीं. पोप ह्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत दुकान थाटलें, तों १८ एप्रिल १९०६ रोजीं तेथें भूकंप होऊन आग लागली आणि दुकान नष्ट झालें. पुढें जर्सी सिटी येथें त्यांनीं पुन्हां ऐरण मांडली. पहिल्या महायुद्धांत जर्मनांविषयीं द्वेष वाढला आणि जर्मन मंडळांच्या त्या स्पर्धाही ओसरल्या. तरी दूरदूरच्या मागण्या येतच होत्या. काम केव्हां मिळेल ह्याचें वचन मिळणार नाहीं, उत्तम झाल्यावर न्या, नाहीं तर अन्यत्र जा, अशा आशयाची पाटीच त्यांच्या कारखान्यांत होती. गिऱ्हाइकें खोळंबत, कुरकुरत. परंतु घाई करून नळीवर आपलें नांव कोरणें त्यांस मान्य नव्हतें. ह्या हट्टापायीं त्यांच्या गांठीं पैसा जमला नाहीं.

१९५० सालीं, एकोणनव्वदाव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. उभ्यानें निशाण मारतांना त्यांनीं मिळविलेले मान त्यांच्या हातांबरोबर गेले. रोलंडच्या त्या निशाणाचा मान मात्र निम्मा त्यांच्या नळीचा होता. तो विक्रम दुसऱ्याच्या नांवें नोंदला गेला, तरी जाणकार नेमबाज त्याबरोबर पोप ह्यांचें नांव आवर्जून घेत आले आहेत. कारागिराला ह्याहून मोठें पारितोषिक कोणतें ?